ट्रॅक्टर टिकवायचा कसा, नवीन लोकांसाठी अगदी सुरुवातीपासून

ट्रॅक्टर आला की पहिले पंधरा दिवस माणूस त्याला रोज फडक्याने पुसतो, सीटवरचं प्लास्टिकपण काढत नाही, आणि सोळाव्या दिवसापासून फक्त डिझेल ओततो नि चावी फिरवतो. मीपण तेच केलं म्हणून हे लिहितोय. माझा पहिला ट्रॅक्टर सेकंडहँड होता, तब्येतीने चांगला होता, तो मी तीन वर्षांत बोअर किटवर आणला, म्हणजे पिस्टन, रिंगा, लायनर बदलायची वेळ आणली, आणि त्यात ट्रॅक्टरची काहीच चूक नव्हती. ते पुढे सांगतो.

नवीन लोकांना वाटतं की जास्त काम केलं की ट्रॅक्टर लवकर जातो. तसं नाहीये. जो ट्रॅक्टर रोज आठ तास नांगर ओढतो तो कधीकधी शेडमध्ये झाकून ठेवलेल्यापेक्षा जास्त टिकतो. ट्रॅक्टर जातो तो तीन गोष्टींनी, धूळ आत गेली, पाणी नको तिथे शिरलं, आणि जिथे ऑइल-ग्रीस पोचायला पाहिजे होतं तिथे पोचलं नाही.

सगळ्यात आधी दोन वस्तू जवळ करा, मॅन्युअल आणि एक वही. मॅन्युअल नसेल तर मिळवा, जुन्या मॉडेलचीपण मिळतात. मी खाली जे आकडे देतोय ते साधारण आहेत, तुमच्या मॉडेलचा आकडा वेगळा असेल तर मॅन्युअल खरं, मी खोटा. आणि वहीत फक्त तीन रकाने करा, तारीख, मीटरचे तास, काय केलं. गाडीचं सगळं किलोमीटरवर चालतं तसं ट्रॅक्टरचं सगळं तासांवर चालतं, त्यामुळे "मागच्या महिन्यात ऑइल बदललं होतं बहुतेक" याला काही अर्थ नाही, त्या महिन्यात तो २० तास चाललाय की २०० हे कळलं पाहिजे. नवीन ट्रॅक्टर असेल तर पहिली सर्व्हिस साधारण ५० तासांना असते आणि ती अजिबात टाळायची नाही, कारण नवे पार्ट एकमेकांवर बसताना जो बारीक कीस निघतो तो त्या पहिल्या ऑइलमध्ये असतो. त्याच वेळी चाकांचे नटपण पुन्हा आवळून घ्यायचे, नवीन असताना ते हमखास थोडे ढिले होतात.

सकाळची दहा मिनिटं

चावी लावायच्या आधी ट्रॅक्टरभोवती एक चक्कर मारायची. जमिनीवर काही टपकलंय का बघा, ताजा डाग असेल तर बोट लावून बघा, काळं आणि पातळ असेल तर इंजिन ऑइल, डिझेलचा वास येत असेल तर डिझेल, हिरवट-गुलाबी गुळगुळीत पाणी असेल तर कुलंट. टायर दिसायला दबलेला आहे का, एखादा नट-बोल्ट गायब आहे का, औजार अडकवायच्या लिंच पिना जागेवर आहेत का. रोज बघितलं की नजर बसते आणि जे वेगळं आहे ते आपोआप टोचतं.

मग डिपस्टिक. ट्रॅक्टर सपाट जागेवर, इंजिन बंद, आणि चालवून बंद केला असेल तर ऑइल खाली चेंबरमध्ये उतरायला थोडा वेळ द्यायचा. काठी काढा, पुसा, परत पूर्ण आत घाला, मग काढून बघा. पहिल्यांदा काढल्यावर जे दिसतं ते मोजायचं नसतं, नवीन माणूस इथेच चुकतो. लेव्हल दोन खुणांच्या मध्ये पाहिजे, वरच्या खुणेच्या वर नको. आणि फक्त लेव्हल बघून काठी ठेवू नका, ऑइल बोटांवर चोळून बघा. डिझेल इंजिनचं ऑइल काळं होतंच, त्याला घाबरायचं नाही, पण दुधाळ चहासारखं दिसलं तर पाणी मिसळलंय, आणि लेव्हल आपोआप वाढलेली दिसली, ऑइल पातळ लागलं, डिझेलचा वास आला तर आत डिझेल उतरतंय. या दोन्ही वेळेला ट्रॅक्टर चालू करायचा नाही, मेकॅनिकला बोलवा. ऑइल कमी झालं की आपल्याला कळतं, वाढलं की आपण खूश होतो, पण वाढलेलं जास्त वाईट.

नंतर रेडिएटरमधलं पाणी, इंजिन थंड असतानाच. मग डिझेल फिल्टरच्या खालची वाटी, आणि एअर क्लीनर. या दोघांबद्दल सविस्तर.

एअर क्लीनर, इथे सगळ्यात जास्त लक्ष द्या

माझ्या ट्रॅक्टरचं काय झालं ते आता सांगतो. मी फिल्टर वेळेवर साफ करायचो, बदलायचोही. पण फिल्टरच्या डब्यापासून इंजिनकडे जाणारा जो रबरी पाइप असतो तो खालच्या बाजूने चिरला होता, बोटाच्या पेराएवढी चीर, वरून दिसत नव्हती. म्हणजे फिल्टर चकाचक आणि इंजिन मात्र त्या चिरेतून सरळ धूळ ओढतंय. ऑइल प्यायला लागला, निळा धूर यायला लागला, ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनच्या आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून, फसफस वाफ यायला लागली, मी म्हटलं जुना आहे, होणारच. शेवटी खोलला तेव्हा मेकॅनिकने तो पाइप काढून आतून बोट फिरवलं, बोटावर पिठासारखी बारीक लाल धूळ, आणि क्लिपच्या जागेपासून आत पाइपभर त्या धुळीची एक रेघ गेलेली. रिंगा आणि लायनर पॉलिश पेपर मारल्यासारखे झिजलेले. तेव्हापासून मी महिन्यातून एकदा तो पाइप वाकवून, खालून हात फिरवून बघतो आणि दोन्ही टोकांच्या क्लिपा आवळतो, पाच मिनिटांचं काम आहे.

आता फिल्टर. दोन प्रकारचे असतात. जुन्या आणि साध्या ट्रॅक्टरला ऑइल बाथ असतो, खाली ऑइलची वाटी आणि वर तारेची जाळी, हवा त्या ऑइलवर आपटून वर जाते आणि धूळ तिथेच बसते. इंजिन बंद करून थोडा वेळ थांबा म्हणजे जाळीतलं ऑइल खाली उतरेल, मग वाटी काढा. तळाशी चिखल बसलेला दिसेल. ऑइल घट्ट झालं असेल किंवा बोटभर जाड गाळ असेल तर ते ओतून टाका, वाटी डिझेलने धुवा, पुसून कोरडी करा, आणि नवीन ऑइल खुणेपर्यंतच भरा. खुणेच्या वर भरलं तर इंजिन ते ऑइल ओढून घेतं, आणि डिझेल इंजिन ऑइलवरही पळतं, चावी बंद केली तरी थांबत नाही, अशा वेळी भले भले घाबरतात. धुळीच्या दिवसात ही वाटी रोज बघायची, एरवी आठवड्याला.

दुसरा ड्राय टाईप, कागदी फिल्टर, यात बाहेर मोठा आणि आत एक छोटा सेफ्टीचा असतो. इथे लोक उलटी चूक करतात, जास्तच साफ करतात. रोज काढून जमिनीवर आपटतात, कंप्रेसरने फुल प्रेशर मारतात, आणि कागदाला न दिसणारी भोकं पाडतात. डॅशबोर्डवरचा दिवा किंवा डब्यावरचा इंडिकेटर लाल झाला तेव्हाच काढा, हवा मारायची तर आतून बाहेर, ३० पीएसआयच्या आत, नोझल लांब धरून. मग अंधारात आत टॉर्च धरून बाहेरून बघा, कुठे ठिपक्यासारखा उजेड दिसला तर तो फिल्टर फेकायचा. आतला छोटा फिल्टर साफ करायचाच नसतो, तो फक्त बदलायचा. डब्याच्या खाली एक रबरी चोच असते तिला रोज दाबा, साठलेली धूळ खाली पडते, पाण्याने ती चिकटली की धूळ आतच साठत राहते.

डिझेल आणि पाणी

डिझेलमध्ये पाणी बहुतेक वेळा पंपावरून येत नाही, आपल्याच टाकीत तयार होतं. टाकी अर्धी रिकामी ठेवली की रात्री गार झाल्यावर आतल्या हवेतला ओलावा पत्र्यावर धरतो आणि खाली उतरतो. म्हणून काम संपल्यावर संध्याकाळी टाकी भरून ठेवा, सकाळी नाही. डबा नि नरसाळं स्वच्छ ठेवा, गाळणी वापरा, आणि बॅरलमधून काढत असाल तर अगदी तळाचं डिझेल ट्रॅक्टरला देऊ नका.

फिल्टरच्या खाली जी काचेची किंवा प्लास्टिकची वाटी असते त्यात पाणी तळाशी वेगळं दिसतं, स्क्रू ढिला करून ते काढून टाका. हेच पाणी पुढे गेलं तर डिझेल दाबाने पाठवणारा पंप आणि ते इंजिनात फवारणारे नोझल खराब करतं, आणि ट्रॅक्टरमध्ये सगळ्यात नाजूक आणि महाग जर काही असेल तर तेच.

फिल्टर बदलला किंवा टाकी पूर्ण रिकामी झाली की लाइन हवा धरते, सेल्फ फिरतो पण इंजिन पकडत नाही. फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू ढिला करा, हातपंप मारत रहा, आधी बुडबुडे येतील, मग सलग डिझेल येईल, तेव्हा पंप मारता मारताच स्क्रू आवळा. पंपावरही तसाच स्क्रू असेल तर मग तो. हे एकदा कोणाबरोबर उभं राहून शिकून घ्या. फक्त नोझलच्या बारीक पोलादी लाइन चालू इंजिनवर हाताने चाचपायच्या नाहीत, तिथलं प्रेशर इतकं असतं की डिझेलची धार कातडीतून आत जाते, आणि ती जखम दिसायला टाचणीएवढी असली तरी सरळ दवाखान्यात जायची आहे.

रेडिएटर

साधं पाणी टाकू नका, क्षार बसतात आणि आतून गंज धरतो. कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. कुलंट फक्त थंडीसाठी असतं हा गैरसमज आहे, गंज थांबवायचं काम ते बाराही महिने करतं.

समोरच्या जाळीत भुसा, पालापाचोळा, किडे अडकतात आणि इंजिन तापायला लागतं, मग लोक थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा वॉल्व्ह, काढून फेकतात. तसं करू नका, आधी जाळी साफ करा. पंखा हवा समोरून आत ओढतो, म्हणून साफ करताना हवा उलटी मारायची, इंजिनच्या बाजूने बाहेर, नाहीतर कचरा अजून घट्ट बसतो. फॅन बेल्ट दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने दाबून बघा, साधारण १० ते १२ मिलीमीटर दबला पाहिजे.

काटा लाल खुणेत गेलाच तर औजार उचला, लोड काढा, इंजिन स्लोवर चालू ठेवा म्हणजे पाणी फिरत राहतं, काटा खाली यायला लागला की मग बंद करा. पाणी सगळं गेलं असेल तर मात्र लगेच बंद. झाकण गरम असताना उघडायचं नाही, आत प्रेशर असतं, उघडलं की उकळतं पाणी तोंडावर येतं. आणि तापलेल्या रिकाम्या इंजिनमध्ये गार पाणी ओतलं की हेडला तडा जातो, म्हणून घाई असली तरी अर्धा-पाऊण तास बसा.

ऑइल आणि ग्रीस

इंजिन ऑइल साधारण २५० तासांना बदलतात, काही नव्या मॉडेलला जास्त तास चालतात. ग्रेड मॅन्युअलमध्ये असते, बऱ्याच ट्रॅक्टरला १५डब्ल्यू-४० डिझेल इंजिन ऑइल लागतं. इंजिन कोमट असताना ऑइल काढा म्हणजे गाळासकट निघतं. फिल्टर प्रत्येक वेळी बदला, नवीन फिल्टरच्या रबराला बोटाने ऑइल लावा, हाताने आवळा, पान्याने नाही. भरून झालं की दोन मिनिटं चालवा, बंद करा, लेव्हल परत बघा. जुनं ऑइल जमिनीवर ओतू नका, डब्यात धरून ठेवा आणि घेणाऱ्याला द्या.

ग्रीस मारायला लोकांना कंटाळा येतो कारण त्याने लगेच काही फरक दिसत नाही. पुढच्या अॅक्सलची मधली पिन, किंग पिन, टाय रॉडची टोकं, क्लच-ब्रेक पेडलचा शाफ्ट, मागच्या लिफ्टचे हात, सगळी निपल, म्हणजे ग्रीस भरायची छोटी तोंडं, एकदा मोजून वहीत लिहून ठेवा, नाहीतर एक-दोन कायम राहून जातात, आणि जे राहतं ते नेहमी हात पोचत नाही तिथलंच असतं. निपल आधी फडक्याने पुसा, न पुसता गन लावली तर त्यावरची माती आपणच आत ढकलतो. जुनं काळं ग्रीस बाजूने बाहेर येऊन नवीन दिसेपर्यंत मारा. साधारण ५० तासांना, पण चिखलात नाहीतर पाण्यात काम केलं तर रोज, काम झाल्यावर लगेच, म्हणजे आत शिरलेलं पाणी बाहेर ढकललं जातं.

चालवण्याच्या सवयी

सकाळी चालू केल्या केल्या रेस करायची नाही, ऑइल वरपर्यंत पोचायला वेळ द्या, आणि पहिली काही मिनिटं हलकं काम. टर्बो असेल तर बंद करताना दोन-तीन मिनिटं स्लोवर चालू द्या, नाहीतर तापलेल्या टर्बोतलं ऑइल तिथेच जळतं. पण तासन्तास उभ्या-उभ्या चालू ठेवणंही वाईट, इंजिन गार राहतं, डिझेल नीट जळत नाही, कार्बन धरतो.

क्लचवर पाय ठेवून चालवू नका. पाय ठेवायची जागा फूटरेस्ट आहे, पेडल नाही. पेडलला सुरुवातीला साधारण २० ते ३० मिलीमीटर मोकळी हालचाल पाहिजे, ती संपली की प्लेट अर्धवट सुटलेली राहते आणि जळते. ब्रेक दोन्ही सारखेच लागतात का ते बघा आणि रस्त्यावर दोन्ही पेडल एकमेकांना अडकवूनच चालवा, एकच ब्रेक लागला तर ट्रॉलीसकट आडवे व्हाल.

धुराकडे बघत जा. काळा धूर म्हणजे लोड जास्त किंवा हवा कमी, आधी एअर क्लीनर बघा. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा थंड इंजिनला थोडा वेळ चालतो, गरम झाल्यावरही थांबत नसेल तर नोझल नाहीतर पाण्याचा प्रॉब्लेम.

हायड्रॉलिक, पीटीओ, टायर

काम थांबलं की औजार जमिनीवर टेकवा, उचललेलं ठेवून घरी जाऊ नका, लिफ्टवर ताण राहतो आणि खाली कोणी लहान पोर बसलं तर विचार करा. बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये गिअर, हायड्रॉलिक आणि ऑइलमधले ब्रेक यांना एकच ऑइल असतं, म्हणून मिळेल ते टाकू नका. ते दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, बहुतेक गिअर लिव्हरच्या फाटक्या रबरातून.

पीटीओ, म्हणजे औजार फिरवायला ट्रॅक्टरच्या मागे असलेला शाफ्ट, ५४० आरपीएमवर फिरतो म्हणजे सेकंदाला ९ फेऱ्या. सदऱ्याचं टोक सापडलं तर हात मागे घ्यायलाही वेळ नाही. गार्ड काढून ठेवू नका आणि फिरत्या शाफ्टवरून पाय टाकून जाऊ नका, हे ट्रॅक्टरच्या नाही तुमच्या आयुष्याचं आहे.

टायरची हवा सकाळी थंड असताना मोजा. शेतातलं आणि रस्त्यावरचं प्रेशर वेगळं असतं, मॅन्युअलमध्ये दोन्ही असतात. चाक किती घसरतंय ते बघायची सोपी युक्ती, मागच्या चाकाला खडूने खूण करा, नांगर लावून १० फेरे होतील तेवढं अंतर मोजा, मग नांगर उचलून तेवढंच अंतर चाला. रिकाम्या ट्रॅक्टरचे ८.५ ते ९ फेरे झाले तर घसरण १० ते १५ टक्के, म्हणजे ठीक. त्यापेक्षा कमी फेरे झाले तर टायर आणि डिझेल दोन्ही फुकट घासताय, वजन लावा किंवा नांगराची खोली कमी करा.

बॅटरी

पाणी प्लेटांच्या थोडं वर, १० मिलीमीटर, आणि फक्त डिस्टिल्ड. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्याने धुवा, आवळा, वरून पेट्रोलियम जेली लावा. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. बॅटरीजवळ बिडी-सिगरेट नको, चार्ज होताना त्यातून हायड्रोजन निघतो.

धुणं आणि बरेच दिवस उभा ठेवणं

धुवायचा तर इंजिन थंड झाल्यावर. प्रेशरचं पाणी रेडिएटरच्या बारीक पट्ट्यांवर, वायरिंगवर, सेल्फवर, आणि अॅक्सलच्या सीलवर सरळ मारू नका, सीलच्या आत पाणी ढकललं की बेअरिंग गेलंच समजा. धुतल्यावर ग्रीस मारा.

दोन-तीन महिने उभा ठेवायचा असेल तर आधी धुवून, ऑइल बदलून, टाकी पूर्ण भरून ठेवा. जळकं ऑइल आंबट होतं आणि आतून खातं, म्हणून ऑइल हंगाम संपल्यावर बदलायचं, पुढचा सुरू होताना नाही. बॅटरी काढून घरात ठेवा आणि अधूनमधून चार्ज करा. अॅक्सलखाली ठोकळे देऊन टायरवरचं वजन कमी करा. उंदरांचं बघा, त्यांना वायरिंगचं कव्हर फार आवडतं आणि एअर क्लीनरच्या पाइपात घर करायलापण. मध्ये चालू करायचा असेल तर चांगला तापेपर्यंत अर्धा तास फिरवून आणा, दोन मिनिटं चालू करून बंद केलं तर आत ओल धरते, त्यापेक्षा न चालू केलेलं बरं.

सायलेन्सरच्या तोंडावर डबा उपडा ठेवा म्हणजे पावसाचं पाणी आत जात नाही. आणि काय काय काढलंय, कशावर काय झाकलंय, हे एका पुठ्ठ्यावर लिहून स्टेअरिंगला बांधा. मी एका वर्षी बांधला नव्हता, तीन महिन्यांनी बॅटरी जोडून सेल्फ मारला तर डबा उडून शेडच्या पत्र्यावर आदळला, आणि मी इंजिन फुटलं म्हणून ट्रॅक्टरवरून उडी मारून बाहेर.